सरपण, रॉकेल आणि पोस्टाची खिडकी

आपल्या चळवळीने पाण्याचा इतिहास लिहिला. १९२७ चं महाड पाठ नाही असा कार्यकर्ता नाही. देवळाचा लिहिला, १९३० चा काळाराम. जमिनीचा लिहिला, वतनाचा लिहिला, शाळेचा लिहिला. पण चुलीखाली काय जळत होतं, ते कुणी आणलं, कुणाच्या डोंगरातून आणलं, त्याचे पैसे कुणी आणि कधी मोजले, हा इतिहास बायकांच्या डोक्यावरच राहिला, मोळीसारखा. तो कागदावर उतरला नाही, कारण लिहिणारे आपण बहुतेक पुरुष, आणि आपल्याला भाकरी तयार मिळत होती.

हे आत्ताच का काढलं? कारण गॅसच्या पैशाची रांग. हातखंब्यासारख्या गावात आता सरपणाचा प्रश्न डोंगरात कमी आणि पोस्टात जास्त दिसतो. बाई एजन्सीला सिलिंडरचे पूर्ण पैसे देते. मग सरकार त्यातले काही पैसे तिच्या खात्यात परत करतं. खातं पोस्टाच्या बँकेत असेल, किंवा दुसऱ्या बँकेतलं असूनही पैसे काढायला पोस्टच जवळ असेल, तर ती पोस्टाच्या खिडकीशी उभी राहते आणि विचारते, "माजं पैसं आलं काय?" तुम्ही कार्यकर्ते या रांगेकडे बघता ते फॉर्म भरून देण्यापुरतं. पण ही रांग आजची नाही. तिच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षं उभी आहेत.

हातखंबा म्हणजे तिठा. मुंबई-गोवा रस्त्याला इथे कोल्हापूर-रत्नागिरीचा रस्ता येऊन मिळतो. रत्नागिरी शहर दहा-पंधरा किलोमीटरवर. रस्ता मोठा, गॅसचे टँकर दिवसरात्र जातात. २०२२ च्या सप्टेंबरात याच महामार्गावर लांज्याच्या बाजूला अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर नदीत कोसळला, चालक गेला, वाहतूक बंद पडली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपल्या दारावरून केवढं इंधन रोज जातं. पण रस्त्यापासून आत शिरलं की डोंगर. आणि डोंगर कुणाचा? रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नगण्य आहे. विदर्भातल्या माणसाला हे सांगावं लागतं, कारण त्याला जंगल म्हटलं की फॉरेस्टचा गार्ड आठवतो. कोकणात जंगल म्हटलं की मालक आठवतो. झाड कुणाच्या तरी नावावर असतं, तसं वाळकं लाकूडसुद्धा कुणाच्या तरी नावावर असतं. हा खोतीचा वारसा. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं, १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. जमीन काही कुळांच्या नावावर झाली. ज्यांच्या नावावर कूळ म्हणूनही काही नव्हतं, त्यांना डोंगरातली मोळी पूर्वीसारखीच विचारून आणावी लागली.

त्याच्याही मागे जाऊ. महारकीच्या कामांत दोन कामं होती, ती एकत्र वाचावीत. एक, गावात सरकारी अंमलदार मुक्कामाला आला की त्याला लाकूडफाटा पुरवायचा. दोन, सरकारी टपाल आणि सारा गावातून तालुक्याला पोचवायचा. म्हणजे साहेबाच्या चुलीचं सरपण आपण आणलं आणि साहेबाची पत्रं आपण वाहिली. घरी मात्र ओलं लाकूड फुंकत बसायचं, आणि पत्र आलंच तर वाचून दाखवणारा शोधायचा. १८७४ च्या वतन कायद्याने ही वेठ पक्की बांधून टाकली. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी तो कायदा दुरुस्त करायचं बिल आणलं. प्रत्यक्षात ही कनिष्ठ वतनं गेली १९५८ च्या कायद्याने. म्हणजे आज ज्या म्हाताऱ्या बाया पोस्टाच्या पायरीवर बसलेल्या दिसतात, त्यातल्या काहींच्या सासऱ्याने टपाल वाहिलेलं असणार. पगाराशिवाय.

पोस्टाशी आपलं दुसरं नातं मनीऑर्डरीचं. भारतात मनीऑर्डर १ जानेवारी १८८० ला सुरू झाली आणि कोकण तिच्यावर जगलं. आपली माणसं मुंबईला गेली. गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालटीत, गिरणीत. गिरणीतसुद्धा जास्त पगाराच्या विणकामात नाही, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला आपलं तोंड चालत नव्हतं. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या कमी पगारातून जे उरे ते मनीऑर्डरीने गावी येई. बाई अंगठा उठवी, साक्षीदार लागे, आणि पैसे हातात पडत. कोकणातल्या बाईच्या हातात रोख रक्कम पडण्याची ही बहुतेक एकमेव वाट होती.

खिडकीवर उभं राहण्याचा हक्क मात्र आपोआप आला नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला. त्याची आठवण आपण पाणवठ्यापुरती ठेवतो. त्यात विहिरी, धर्मशाळा होत्या, तशा सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. कचेरी म्हणजे खिडकी. सार्वजनिक पैशावर चाललेल्या खिडकीसमोर अस्पृश्याने इतरांसारखं उभं राहायचं, हा त्या ठरावाचा अर्थ होता. ठराव झाला म्हणून माणसं उभी राहू शकली असं नाही. ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण अस्पृश्यतेवरच्या अभ्यासात आढळलं की २३.५ टक्के गावांत दलितांच्या घरापर्यंत टपाल पोचत नव्हतं. टपाल वाहणाऱ्याच्या नातवाच्या दारात टपाल येत नाही! त्या पाहणीत महाराष्ट्रही होता.

म्हणून मी रांगेला वाईट म्हणत नाही. रांगेत मागचा-पुढचा ठरतो तो आलेल्या वेळेवरून. जातीवरून नाही. गावगाड्यात असं दुसरं ठिकाण क्वचितच होतं. देवळात नाही, लग्नाच्या पंगतीत नाही, नळावर तर नाहीच. रेशनच्या रांगेत पाटलीणबाईच्या पुढे आपली आजी उभी राहिली असेल, तर ते आंदोलनाइतकंच मोठं काम आहे. कुणी त्याची बातमी दिली नाही एवढंच.

आता रॉकेल. घासलेट म्हणा, रॉकेल म्हणा. आपल्याकडे ते आधी दिव्यासाठी आलं, चुलीसाठी नंतर. चिमणीत, कंदिलात. रिकाम्या डब्याचं पाणी भरायला पिंप झालं आणि कापून पत्रा झाला तर छप्पर झालं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हातात गेला, तिथल्या विहिरींचं तेल तुटलं आणि हिंदुस्थानात रॉकेलची टंचाई झाली. १९४३ ला मुंबईत धान्याचं रेशनिंग आलं. कार्ड, माप, रांग हे तिन्ही शब्द तेव्हापासून गरिबाच्या घरात शिरले ते आजतागायत निघालेले नाहीत. त्याच काळात, १९४२ ते १९४६, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेच्या धोरणाचं काम त्यांच्याकडे होतं. १९४३ च्या ऑक्टोबरातल्या भाषणात त्यांनी वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, त्याशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, अशी मांडणी केली. हे मुद्दाम लक्षात ठेवा. इंधन स्वस्त असलं पाहिजे असं ते म्हणाले. महाग घ्या आणि मग फरक मागायला या, असं नाही म्हणाले.

१९७२ चा दुष्काळ, १९७३ चा तेलाचा जागतिक पेचप्रसंग. अरब देशांनी तेल अडवलं तिकडे, आणि स्टो बंद पडला इकडे, वरळीच्या आणि धारावीच्या खोपटात. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी महागाई प्रतिकार महिला समितीचे लाटणं मोर्चे काढले. त्यांच्या मागण्यांत रॉकेल होतं. दलित पँथरही १९७२ चीच. या दोन चळवळी एकाच शहरात, एकाच महागाईत चालल्या होत्या, आणि तरी एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत. आपल्या वस्तीतल्या बाया रॉकेलच्या रांगेत होत्या, आपले तरुण अत्याचाराविरुद्ध रस्त्यावर होते. रांगेतल्या बाईला पुढारी म्हणून बघायची दृष्टी तेव्हा आपल्याकडे नव्हती. हा दोष त्यांच्या बाजूला जितका, तितका आपल्याही.

रेशनच्या रॉकेलात एक गोष्ट मात्र सरळ होती. सवलत डब्यातच होती. बाई दुकानात गेली, नरसाळ्यातून निळं रॉकेल बाटलीत पडलं, स्वस्त दराचे तेवढेच पैसे तिने दिले, व्यवहार संपला. हातात पाच रुपये असतील तर पाच रुपयांचं. निळा रंग सरकारने मुद्दाम घातला, काळ्या बाजारात ओळखू यावं म्हणून. तरी चोरी थांबली नाही. रॉकेल डिझेलमध्ये मिसळून विकणाऱ्यांची साखळी केवढी होती ते २५ जानेवारी २०११ ला दिसलं. मनमाडजवळ पानेवाडीला भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जाळून मारलं. तेव्हा कुणी रेशनच्या रॉकेलला रामराज्य म्हणू नये. दुकानदाराचं माप, "आज संपलं, उद्या या", आणि उद्या गेलं की कुलूप, हे सगळं आपण बघितलं आहे.

चोरी होते म्हणून काय करायचं? चोर धरायचा, की गिऱ्हाइकाकडून आधी पूर्ण पैसे घ्यायचे? सरकारने दुसरा रस्ता धरला. डिसेंबर २०११ ला राजस्थानात अलवर जिल्ह्यातल्या कोटकासिम भागात प्रयोग झाला. रॉकेल बाजारभावाने विकायचं आणि फरक बँक खात्यात टाकायचा. पंधरा रुपयांच्या आसपासचं लिटर चाळीसच्या वर गेलं. विक्री सुमारे ८० टक्क्यांनी घसरली. सरकार म्हणालं, बघा, एवढी चोरी होत होती! पण तिथे गेलेल्यांना असे लोक भेटले की ज्यांच्या खात्यात पैसे आलेच नव्हते, किंवा खातंच नव्हतं, किंवा बँक इतकी लांब की जाण्यात मजुरी बुडत होती. म्हणून त्यांनी रॉकेल घेणं सोडलं होतं. चोराचं आणि उपाशी माणसाचं रॉकेल एकाच आकड्यात मोजलं गेलं.

आपल्याकडेच हे झालं असं नाही. मलेशियात जून २००८ ला पेट्रोल एका रात्रीत लिटरला १.९२ वरून २.७० रिंगिटवर गेलं. लोक भडकू नयेत म्हणून सरकारने रोख परतावा जाहीर केला, २००० सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला ६२५ रिंगिट, २५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला १५०, आणि तो वाटला पोस्टातून. पोस्टांसमोर रांगा लागल्या. बघा त्या रांगेत कोण होतं. मोटारवाला होता, मोटारसायकलवाला होता. सायकलवाला आणि बसने कामावर जाणारा त्या रांगेतच नव्हता. त्याच्या बसचं भाडं, त्याची भाजी, त्याचे मासे सगळं पेट्रोलबरोबर महागतं, पण परतावा मागायला त्याच्याकडे गाडीचा कागद नाही. परताव्याची रांग दिसते तेव्हा मोजायची ती न दिसणारी रांग.

भारतात गॅसचा परतावा १ जून २०१३ ला काही जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आपला वर्धा होता. २०१४ च्या सुरुवातीला थांबला, नोव्हेंबरात ५४ जिल्ह्यांत पुन्हा आला, आणि १ जानेवारी २०१५ पासून देशभर. बाईने पूर्ण भाव आधी द्यायचा, ही अडचण आहे हे सरकारलाही कळत होतं. म्हणून योजनेत शिरताना ५६८ रुपये एकदाच आगाऊ खात्यात टाकले. एकदाच. पुढे बाईने आपलं बघावं.

मग १ मे २०१६ ची उज्ज्वला. आठ कोटी जोडण्यांचा टप्पा ७ सप्टेंबर २०१९ ला गाठला तो औरंगाबादच्या सभेत. मी काही चुलीचा भक्त नाही. चुलीच्या धुराने आपल्या आयांचे डोळे आणि छाती गेली, आणि "चुलीवरची भाकरी" म्हणून कौतुक करणारे हॉटेलवाले ती रोज फुंकत नाहीत. गॅस घरात आला, बाईच्या नावाने आला, २०१८ ला सगळ्या अनुसूचित जातींच्या गरीब घरांना खुला झाला, हे चांगलंच झालं. पण त्यात एक मेख होती. शेगडी आणि पहिलं सिलिंडर अनेकींना कर्जाने मिळालं आणि ते कर्ज वळतं होई सबसिडीतून. म्हणजे बाई पूर्ण भाव देते, सबसिडी खात्यात यायच्या आधीच कंपनीकडे परत जाते, आणि बाई पासबुक घेऊन फिरते. शेवटी २०१८ च्या एप्रिलपासून पहिल्या सहा सिलिंडरांपुरती वसुली लांबणीवर टाकली. महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात हिशेब काढला की जुन्या उज्ज्वला घरांत वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरले जातात. बाकीचे महिने? डोंगर आहेच.

आकडा हातात घेऊन बघा. मार्च २०२३ ला मुंबईत सिलिंडर ११०२.५० रुपये होतं. उज्ज्वलाच्या बाईला त्यातले २०० परत. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी तेव्हा दिवसाला २५६. म्हणजे सव्वाचार दिवस राबायचं, ते सगळे पैसे एकदम, एका हाताने द्यायचे आणि पाऊण दिवसाची मजुरी परत कधी येते ते बघत बसायचं. पाच रुपयांचं रॉकेल मिळत होतं, पाच रुपयांचा गॅस मिळत नाही. आणि रॉकेलवरची सबसिडी तर २०१६ पासून थोडी थोडी काढत २०२० पर्यंत संपवूनच टाकली.

पोस्टाची रांग खरी दिसली ती एप्रिल २०२० ला. टाळेबंदी, एसट्या बंद, मुंबईहून मनीऑर्डर काय, माणूससुद्धा येऊ शकत नव्हता. जनधन खात्यात महिन्याला ५०० रुपये आणि उज्ज्वलाच्या खात्यात मोफत सिलिंडरचे पैसे, हे दोन्ही एकदम आले. गर्दी होऊ नये म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस नेमून दिले होते. तेव्हा टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेने, जी १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली होती, पोस्टमनच्या हातात यंत्र दिलं. कुठल्याही बँकेतलं आधारला जोडलेलं खातं, अंगठा ठेवा, पैसे घ्या. खेड्यातल्या पोस्टमनने त्या दिवसांत केलेलं काम मान्य केलं पाहिजे. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. तेव्हा सरकारने पैसे आधी दिले. सिलिंडर नंतर. म्हणजे उलट क्रम अशक्य नाही. टाळेबंदीत जमलं.

पण अंगठा! बाबासाहेबांनी शिका म्हटलं आणि आपल्या आयाबहिणींनी साठाव्या वर्षी सही गिरवली, ती अंगठेबहाद्दर हा शब्द पुसायला. आता बी.ए. झालेल्या मुलीलाही यंत्र म्हणतं, अंगठा ठेव. आणि ज्या हाताने भाताची लावणी केली, चिरे वाहिले, आयुष्यभर मोळ्या बांधल्या, त्या हाताच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. "काकी, बोट पुसा. परत ठेवा. दुसरं बोट ठेवा. उद्या या." पूर्वी शाईचा अंगठा उठत होता, तो पुसट असला तरी साक्षीदार चालत होते. यंत्र साक्षीदार मानत नाही. काम केल्याची खूण हीच नाकारण्याची सबब झाली.

दुसरा घोळ खात्याचा. पैसे येतात ते आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याला जोडलं त्या खात्यात. २०१७ साली एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या बँकेत ३१ लाखांवर ग्राहकांची गॅसची १९० कोटींची सबसिडी जाऊन पडली. सिमकार्डासाठी अंगठा दिला होता, त्यावर खातं उघडलं गेलं, बहुतेकांना पत्ताच नाही. ओरड झाली, पैसे परत वळवले गेले. वाडीतली बाई "पैसं आलं नाय" म्हणते तेव्हा ते कधी कधी आलेले असतात, तिला माहीत नसलेल्या घरात.

२०२४ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना काढली. वर्षाला तीन सिलिंडर "मोफत". मोफत म्हणजे कसं? बाईने भाव भरायचा, मग खात्यात ८३० रुपयांपर्यंत येणार. उज्ज्वलाची असेल तर केंद्राचे ३०० आणि राज्याचे ५३०. अट अशी की जोडणी बाईच्याच नावावर हवी. आपल्या घरांत जुन्या जोडण्या नवऱ्याच्या, नाहीतर वारलेल्या सासऱ्याच्या नावावर. त्याच पावसाळ्यात लाडकी बहीणची खाती उघडायला बाया पोस्टात लोटल्या. म्हणजे एक रांग खात्याला, एक रांग नावबदलाला, एक रांग आधारला, आणि शेवटची पैसे आले का विचारायला. रेशनच्या काळात रांग एकच होती, आणि तिच्या टोकाला डबा भरत होता.

तर आता काम. पंधरवड्यातून एक दिवस वाडीत बसा. प्रत्येक घराचं तीन गोष्टींचं बघा: जोडणी कुणाच्या नावावर, आधार शेवटचं कुठल्या खात्याला, आणि अंगठा चालत नसेल तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने घेतले का. वहीला दोन रकाने पाडा. डावीकडे सिलिंडरचे पैसे भरल्याची तारीख आणि रक्कम, उजवीकडे परतावा जमा झाल्याची. मधे जितके दिवस जातात तितके दिवस त्या बाईने सरकारला बिनव्याजी उधार दिलेलं आहे, आणि ती रक्कम वाडीवार बेरजेने मांडता येते. ज्या घरात सिलिंडर नाहीच, त्या घरासाठी तिसरा रकाना ठेवा, आणि त्यात महिन्याला मोळ्या किती आणि कुणाच्या डोंगरातून ते लिहा. पाऊस सुरू व्हायच्या आत, सरपण भरून ठेवायच्या दिवसांत, हातखंब्यापासून पालीपर्यंतच्या वाड्यांच्या वह्या पुऱ्या झाल्या, तर आषाढात रत्नागिरीच्या तहसीलदारांसमोर ठेवायला आपल्याजवळ बायांच्याच हातचा हिशेब असेल.